गफूरच्या ओसरीवरचा गूळ

खुलताबादला मी डोंगर पाहायला गेलो नव्हतो, दर्ग्यांनाही नाही, आणि वेरूळची लेणी जवळ असूनही तिकडं फिरकलो नाही. मी गेलो होतो हेव्यापायी. प्रवासाबद्दल लिहिताना माणसं असं काही कबूल करत नाहीत, निसर्गाची ओढ वगैरे लिहितात. मला ओढ होती ती गफूर कुठं चुकतो ते पाहायची.

गफूर माझा कॉलेजातला सोबती. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात सरकारी कचेऱ्यांची नवी घडी बसत होती, तेव्हा माझ्या वडिलांची पोस्टातली बदली औरंगाबादला झाली आणि माझं शिक्षण तिथं झालं. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात माझ्या शेजारी खुलताबादच्या हकिमाचा हा मुलगा बसायचा. परीक्षेत मी पहिला आणि तो काठावर पास. पण वर्गाची सहल डोंगरावर गेली की चित्र उलटं. मास्तरांनी एखादी वेल दाखवावी, तिचं लॅटिन नाव माझ्या ओठावर येईयेईतो गफूरनं पान चुरगळून, हुंगून, ती कशावर चालते हे सांगून टाकलेलं असायचं. मुली त्याच्याकडे बघायच्या. मी वहीकडे बघायचो.

पुढं त्यानं शिक्षण अर्ध्यावर टाकलं आणि गावी जाऊन बापाच्या गादीवर बसला. मी कोल्हापुरात प्राध्यापक झालो आणि दख्खनच्या औषधी वनस्पतींवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात साप चावल्यावर लोक जो झाडपाला देतात त्यावर एक लांबलचक प्रकरण आहे आणि त्याचा निष्कर्ष एका ओळीचा आहे: यातली एकही वनस्पती विष उतरवत नाही. पुस्तक चांगलं आहे. कुणी वाचलं नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी एक जुना विद्यार्थी भेटायला आला. "सर, खुलताबादला कुणी गफूर हकीम आहेत," तो म्हणाला. "साप चावलेला माणूस त्यांच्या हातून दगावत नाही म्हणतात. कसला तरी पाला देतात."

आठ दिवस मी घरात धुमसत होतो. शेवटी बायको म्हणाली, "जाऊन या बाई एकदाचे. नाहीतर माझ्या कुंड्यांवर राग काढाल." म्हणून गेलो.

पहिला दिवस

दसरा जवळ आला होता. वेशीबाहेर बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. हवा आमच्या कोल्हापूरपेक्षा कोरडी आणि, लिहायला जड जातं, जास्त चांगली होती. टपरीवर चहा घेतला आणि गफूर हकिमाचं घर विचारलं, तसं टपरीवाल्यानं माझे पैसे परत सारले.

"हकीमसाबांचे पाव्हणे व्हय? मंग पैशे कशाचे?"

"मी कोल्हापुरात प्राध्यापक होतो," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"असू द्या की," तो म्हणाला.

गफूर ओसरीवर बसला होता. डोक्यावर सगळे केस. पांढरे, पण सगळे. हसला तेव्हा दिसलं की दातही स्वतःचेच आहेत. मी टोपी काढलीच नाही.

"क्या रे दिन्या!" त्यानं मला उठून कवेत घेतलं. "किती वाळला तू! कोल्हापुरात खायला भेटत नाय का?"

कोल्हापूरच्या माणसाला यापेक्षा वाईट कुणी काही बोलू शकत नाही. पण दुपारी शकीलाभाभींनी नान-कलिया वाढला आणि माझं तोंड बंद झालं. आमच्याकडे रश्शानं डोळ्यांतून पाणी काढलं नाही तर यजमानाला ओशाळल्यासारखं होतं. हा कलिया वेगळा. मटण इतकं मऊ की दातांना काम नाही, वर तेलाचा लाल तवंग आणि भट्टीवरून आणलेले हळदीच्या रंगाचे नान. मी चार खाल्ले आणि मनातल्या मनात चिडत राहिलो. असं जेवण रोज जेवणाऱ्याला वर कीर्ती कशाला हवी?

हात धुताना मी मुद्द्याला हात घातला. "तो पाला कुठला रे?"

गफूरचं हसू जरा आखडलं. "दुआ कर, तुला दिसू नये. कुणी आलं तरच निघतो तो."

दुपारभर माणसं येत होती. कुणाला खोकला, कुणाच्या म्हशीला ताप, एक म्हातारा तर पोराच्या सोयरिकीचं विचारायला आला होता. जो तो आधी गफूरच्या पायरीला हात लावायचा आणि मग वर यायचा. मी तीस वर्षं शिकवलं, माझ्या वर्गात पोरं बसल्या जागेवरून उठत नसत.

अंगणात एक जुनी जीप होती, तोंड रस्त्याकडे करून लावलेली. रज्जाक नावाचा मध्यमवयीन ड्रायव्हर तिच्या सावलीत दिवसभर आडवा. गफूर स्वतः कुठंच जात नव्हता, मग हा जीप-ड्रायव्हरचा थाट कशाला, असं मला वाटलं. आणि आपल्याला आयुष्यभर सायकलच होती, हेही आठवलं.

दुसरा दिवस

सकाळी गफूर मला डोंगरावर घेऊन गेला. सोबत गावातला एक वयस्कर शेतकरी होता, किसनराव. त्याच्यासमोर आपली विद्या दाखवायची मला घाई झाली होती. मी सर्पगंधा दाखवली, सापसण दाखवली, दोन्हींची लॅटिन नावं सांगितली आणि लोक समजतात तसा त्यांचा विषावर काही उपयोग नाही, हेही सांगितलं. किसनराव मान डोलवत होता, पण प्रत्येक वाक्यानंतर गफूरकडे बघत होता, खरं का म्हणून.

मग मी एका झुडपावरून लोंबणारी वेल बोलता बोलता हातानं बाजूला सारली. ती खाजकुइरी निघाली. तिच्या शेंगांवरची लव मनगटापासून कोपरापर्यंत बसली आणि मी, दख्खनच्या वनस्पतींचा लेखक, डोंगरावर नाचायला लागलो. खाली आल्यावर भाभींनी चुलीतली राख चोळली. किसनरावानं ती हकिगत चहा होईपर्यंत अर्ध्या गावाला सांगितली.

संध्याकाळी ओसरीवर बैठक जमली. सापाचं नाव इथं कुणी घेत नाही, जनावर म्हणतात. आमच्याकडे लांबडं म्हणतात, तसंच. मी सांगितलं की आमच्याकडे जनावर चावलं की कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, कडू लागला नाही तर विष भिनलं. अर्थात हा अडाणीपणा आहे, असंही सांगितलं.

"आमच्यातबी पहिले कडुनिंबच होता," गफूर म्हणाला. "अब्बांच्या टायमाला. मी बंद केला."

"का?"

"कडू लागतो ना, म्हणून."

मला ती थट्टा वाटली. नवी पद्धत किसनरावानं समजावली. "हकीमसाब पाला चावाया देतेत. मंग जिभेवर गुळाचा खडा. गूळ ग्वाड लागला तं घरी जायचं. नाय लागला तं अंगात इख हाय. मंग जीपमधी घालून औरंगाबादच्या दवाखान्यात."

"म्हणजे सुई दवाखान्यात टोचतात, बरं डॉक्टर करतात," मी म्हणालो. "मग हकिमानं काय केलं?"

किसनराव माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिला. "आवो, हकीमसाबांनी वळखलं ना!"

गफूर गालात हसत पान लावत होता. मला वाटलं, हा सगळा मान एका गुळाच्या खड्यावर. तो पाला मला बघायचाच होता.

तिसरा दिवस

सकाळी आठच्या सुमाराला बैलगाडी अंगणात शिरली. तिच्यात सुमन नावाची विशी-बाविशीची बाई, तिचा नवरा नामदेव आणि सासू. पहाटे सुमन उठली तेव्हा अंथरुणात काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं जनावर निघालं होतं. नामदेवानं ते काठीनं मारून फडक्यात बांधून आणलं होतं. मण्यार. मी लांबूनही ओळखली.

"मुंगी चावल्यावानी झालं नुसतं," सुमन म्हणाली. "दुखत बी नाय. पोटात जरासं कळतंय."

"काय झालं नाय तिला," सासू म्हणाली. "गाडीत आपल्या पायानं चढली. बाजरी कापून पडलीया रानात, आभाळ आलंय. हकीमसाब, तेवढं बघून सांगा न् आमाला सोडा."

गफूरनं आत हाक मारली. भाभींनी खलबत्त्यात काहीतरी ठेचलं आणि हिरवी गोळी आणून सुमनच्या हातावर ठेवली. सुमन चावत होती. दरम्यान खलबत्त्याच्या काठावरून एक डहाळी ओसरीवर पडली होती. मी ती उचलली. समोरासमोर दोन पानं, दोन्ही बाजूंनी मऊ लव. माझ्या छातीत आनंदाची अशी उकळी फुटली की काय सांगू. गुडमार! माझ्या पुस्तकात तिच्यावर पाऊण पान आहे. हा पाला चावला की एक-दोन तास जिभेला गोड चव कळत नाही. कुणाच्याही जिभेला. साप चावो अगर न चावो.

गफूरनं गुळाचा खडा सुमनच्या जिभेवर ठेवला.

"माती लागतीया," सुमन घाबरून म्हणाली.

"रज्जाक, गाडी," गफूर म्हणाला. जीप आधीच सुरू झाली होती.

त्या क्षणी मी बोललो नसतो तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण मी चाळीस वर्षं थांबलो होतो. मी डहाळी वर धरली आणि वर्गात बोलायचो त्या आवाजात म्हणालो, "थांबा! ही परीक्षा खोटी आहे. ही गुडमारची वेल आहे. हा पाला खाल्ल्यावर मलासुद्धा गूळ गोड लागणार नाही. तुम्हालाही नाही. यावरून विष आहे की नाही, काहीच कळत नाही!"

मी गफूरकडे पाहिलं. त्याला राग आला असता तर मला समाधान झालं असतं. पण तो पांढराफटक पडला होता, आणि माझ्याकडे नाही, सुमनच्या सासूकडे बघत होता.

सासूचा चेहरा उजळला होता. "म्हंजी इख नाय?"

"तसं नाही म्हणत मी. या पाल्यावरून..."

"नाय ना इख? मंग नामदेवा, जुंप बैल."

"अहो, दवाखान्यात..."

"कशाला दवाखान्यात? गूळ ग्वाड लागला नाय म्हनून जायचं व्हतं. तुमीच म्हनता ते खोटं हाय." मग तिला शंका आली. ती गफूरकडे वळली, पुन्हा माझ्याकडे. "का तुमीच खोटं बोलता? खाऊन दावा बरं. तुमाला गूळ ग्वाड लागला नाय, तं आमी घरी जातो. लागला, तं हकीमसाब खरे."

नामदेव, किसनराव, कुंपणाशी जमलेली माणसं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाभींनी मुकाट्यानं गोळी माझ्या हातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली. मला अजूनही जिंकल्यासारखंच वाटत होतं.

"चाव," गफूर हळूच म्हणाला. "नीट चाव, दिनू."

चावता चावता माझी नजर जीपवर गेली. तोंड रस्त्याकडे. परवापासून तशीच. मी आल्यापासून रज्जाक तिच्यापासून दहा पावलं लांब गेला नव्हता. म्हणजे गूळ कुणालाच गोड लागत नव्हता, आणि जो येईल तो, आपण वाचलो असं ज्याला वाटतं तोही, जीपमध्ये बसत होता. दवाखान्यात जा म्हटल्यावर ही माणसं गेली नसती. मी माझ्या डोळ्यांनी आत्ताच पाहिलं होतं. गुळानं सांगितलं की ती जात होती. कडुनिंब का बंद केला, हे मला तेव्हा कळलं.

मग मी सुमनकडे पाहिलं. ती ओसरीच्या खांबाला टेकली होती. तिच्या डोळ्यांच्या पापण्या अर्ध्या खाली आल्या होत्या आणि ती त्या उचलायचा प्रयत्न करत होती. झोप आली आहे असं कुणालाही वाटलं असतं. मला माहीत होतं की मण्यारीचं विष असंच चढतं, आधी पापण्या, मग जीभ, मग श्वास.

सासूनं स्वतःच्या हातानं माझ्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला.

मातीचं ढेकूळ. खारट, चिकट माती. आयुष्यात पहिल्यांदा मी भर अंगणात, माणसांसमोर, गफूरपेक्षा बरोबर होतो. नुसतं खरं बोलायचं होतं.

"गोड आहे," मी म्हणालो.

"काय?"

"गोड लागतोय. चांगलाच गोड आहे. माझी चूक झाली. ही वेल ती नव्हे. मी... मला पाला ओळखता आला नाही."

मग किसनराव फिसकन हसला. "काल खाजकुइरी वळखली नाय, आज हे!" कुंपणाशी हशा पिकला. सासूनं डोक्यावरचा पदर सावरला. "मंग सुमेच्या अंगात इख हाय?"

"आहे," मी म्हणालो. "चला, उठा लवकर."

नामदेवानं तिला उचलून जीपमध्ये घातलं. मीही चढलो. घाट उतरेपर्यंत सुमनला बोलता येईनासं झालं. मी तिचं डोकं एका कुशीवर धरून बसलो होतो आणि तिचा श्वास मोजत होतो. दौलताबादचा किल्ला कधी मागं पडला मला माहीत नाही. गफूर पुढं बसला होता, एकदाही मागं वळला नाही.

दवाखान्यात तिला लगेच सुया लावल्या, मग श्वासाचं यंत्र. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. ते ऐकून मी व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. गफूर शेजारी येऊन बसला. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"माझी धाकटी बहीण होती, आयेशा," तो म्हणाला. "तिला जनावर चावलं तं अब्बांनी कडुनिंब दिला. कडू लागला. अब्बा खुश झाले, घरीच ठेवलं तिला. दुपारच्या नमाजाच्या आत गेली."

कॉलेज अर्ध्यावर का सोडलंस, हे मी त्याला कधी विचारलंही नव्हतं.

थोड्या वेळानं तो उठून दोन चहा घेऊन आला. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अजून अर्धा घंटा लागंल," गफूर म्हणाला. "साखर टाकलीय त्यात, माझ्यावर भरोसा ठेव."

परत घरी

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी सुमननं डोळे उघडले, तोवर मी औरंगाबादलाच थांबलो. मग गाडी धरली. भाभींनी माझ्या सामानाबरोबर पाठवलेली सीताफळं वाटेत फुटली आणि माझ्या पुस्तकाची बरोबर नेलेली एकुलती एक प्रत चिकट झाली. ती गफूरला भेट द्यायला नेली होती. द्यायचं राहूनच गेलं.

दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं. कार्ड नव्हतं, बंद पाकीट होतं.

"दिनू, सुमन तिच्या पायानं चालत आली होती. बाजरीबी घरात आली त्यांची. ती विचारत होती, ते पाला न वळखणारे सर कसे हायत. गावात तुझं तेच नाव पडलंय आन् मला ते खोडता येत नाय, त्याची माफी असावी. एक गोष्ट लिहितो. मी आजवर लोकांशी खोटं बोललो, आन् दर खेपेला माझं नाव मोठं होत गेलं. तू एकदाच बोललास, तं होतं तेवढं नाव गमावून बसलास. सच सांगतो, त्या सकाळपासून मला तुझा लई हेवा वाटतो."

ते पत्र मी सात-आठ वेळा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. मग शेजारच्या देशपांड्यांना दाखवावं असं वाटलं, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना, त्या विद्यार्थ्याला, वर्तमानपत्रवाल्यांनासुद्धा. पण ते कुणालाही दाखवता येत नव्हतं. दाखवलं असतं तर गुळाचं गुपित फुटलं असतं, आणि अशा गोष्टी कोल्हापुरातून खुलताबादला पोचायला वेळ लागत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र मी माझ्याच पुस्तकात, गुडमारच्या पानात, घडी घालून ठेवून दिलं. ते पुस्तक कुणी उघडत नाही, त्यामुळं धोका नव्हता.

मागच्या वर्षी गफूर गेला. भाभींनी कळवलं की आता फोन केला की सरकारी गाडी दारात येते आणि जनावर चावलं की माणसं पाल्यासाठी न थांबता थेट दवाखान्यात जातात. घरामागच्या भिंतीवरची गुडमारची वेलही वाळली म्हणे.

तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. पत्र माझ्याकडे आहे, ज्याला हवं त्यानं येऊन पाहावं. गफूरला माझा हेवा वाटत होता.